बोंबील काय किलो?

"तेल आहे."

आमच्या बाई कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की हेच म्हणायच्या. नमस्कार नाही, या-बसा नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघायच्याच नाहीत. टाचा उंचावून थेट टाळू बघायच्या, एक बोट केसांतून फिरवायच्या, ते बोट नाकाशी न्यायच्या आणि निकाल द्यायच्या. पेशंट असो, पेशंटचा मेहुणा असो, सगळ्यांना एकच कायदा. एकदा विजेचं मीटर बघायला आलेला माणूस चुकून त्यांच्या खोलीत शिरला. "तेल आहे," बाई म्हणाल्या. तो बिचारा म्हणाला, "हो, रोज लावतो." "मग धुऊन या." आणि हसू नका, तो खरंच धुऊन आला.

भाईंदर पश्चिमेला, एका फरसाणाच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर आमचं तपासणी केंद्र होतं. नगरपरिषदेची महापालिका झाली त्या सुमाराची ही गोष्ट. मी रिसेप्शनवर बसायचे, फोन घ्यायचे आणि रिपोर्ट टाइप करायचे. बाई आतल्या खोलीत ईईजी काढायच्या. ईईजी म्हणजे डोक्याला वायरी चिकटवून मेंदूतल्या विजेची रेषा कागदावर उतरवायची. केसांना तेल असलं की वायरी चिकटत नाहीत आणि कागदावर भलतंच काहीतरी उतरतं. त्यामुळे बाईंचं सगळं आयुष्य तेलाशी भांडण्यात गेलेलं.

त्यांच्या खणात शांपूच्या पुड्यांची लांब माळ असायची. त्यातली एक तोडायची, पेशंटच्या हातात द्यायची आणि मागच्या बाल्कनीतला नळ दाखवायचा. आपली माणसं डॉक्टरकडे जायचं म्हणजे खास तेल चोपून, चापूनचोपून भांग पाडून येतात. रत्नागिरीकडची असली तर बघायलाच नको. मग बाल्कनीत डोकी धुतली जायची, फेस खाली जायचा आणि फरसाणवाला खालून ओरडायचा, "ओ मॅडम, मेरा फाफडा गीला हो रहा है!" बाई वरून शांतपणे म्हणायच्या, "झाकून ठेवा."

चेहरे त्यांच्या लक्षातच राहायचे नाहीत. मी सांगावं, "बाई, ते परवाचे पाटील आलेत." बाई कोऱ्या. "अहो, ते दोन भोवरेवाले." "मग असं सांग की पोरी! पाठव आत."

बाई मूळच्या परभणीकडच्या. मुंबईतल्या एका मोठ्या सरकारी इस्पितळात नोकरी करून निवृत्त झालेल्या आणि घरी बसवत नाही म्हणून आमच्याकडे आलेल्या. बोलणं अजून गावाकडचंच. "काय करू लागलात? हलू नका उगं." पण एक सवय मात्र मी दुसऱ्या कुठल्याच टेक्निशियनमध्ये पाहिली नाही. बाई पेशंटशी बोलायच्या. पेशंटच्या नातेवाइकांशी नाही, पेशंटशी. तो बेशुद्ध असला तरी. "दादा, आता कपाळाला गार लागंल बरं. आता कानामागं." बायको बाजूला रडत म्हणायची, "अहो, त्यांना काही कळत नाही." बाई म्हणायच्या, "तुम्हाला कळतंय न्हवं? मग तुम्ही जरा गप बसा."

मला तेव्हा हा वेडेपणाच वाटायचा. मी बावीस वर्षांची होते, मला बऱ्याच गोष्टी वेडेपणा वाटायच्या.

तर आमचे सर. केंद्राचे मालक आणि मेंदूचे डॉक्टर, दोन्ही तेच. त्यांना मेंदूपेक्षा पत्रकं छापायची हौस जास्त. एके दिवशी त्यांनी ईईजीच्या मशीनला एक नवी सोय जोडून घेतली. पेशंटच्या कानाला हेडफोन लावायचे. त्यात सारखा एक जाड आवाज येणार, टूं, टूं, टूं, आणि मधूनच एखादा बारीक, टीं. पेशंटनं फक्त टीं मनात मोजायचे. टीं आला की मेंदूच्या रेषेत एक छोटी लाट उठते. ती वेळेवर आली तर माणसाचं भान, लक्ष, समज जागेवर आहे. उशिरा आली किंवा आलीच नाही तर कुठंतरी बिघडलंय. बाई ते अगदी सोपं करून सांगायच्या. "टूं टूं ऐकून मेंदू पेंगतो. टीं आला की मान वर करून बघतो. ते मान वर करणं आपण धरायचं."

ही सोय अर्धांगवायू झालेल्या, विसरायला लागलेल्या, डोक्याला मार बसलेल्या माणसांसाठी होती. ज्याला बोलता येत नाही त्याला आतून कळतंय की नाही, हे बघायला. पण अशी माणसं येऊन येऊन येणार किती? सरांनी पत्रक काढलं: 'बुद्धीचा आलेख. आपला पाल्य किती तल्लख? दहावीपूर्वी अवश्य जाणून घ्या.'

झालं! केबिन रोडवरून, पार मीरा रोडवरून आया रिक्षा करून यायला लागल्या. पोरं शांपूने डोकी धुऊन ओळीत बसायची आणि आया आपसात आकडे सांगायच्या. लाट किती मिलिसेकंदांत आली, तो आकडा. "हमारे चिराग का तीनसौ दस आया." "आमच्या मंदारचं तीनशे सहा." चिरागच्या आईचं तोंड एवढंसं व्हायचं. दुसऱ्या दिवशी ती चिरागला पुन्हा घेऊन हजर, बदाम खायला घालून. एका वडिलांनी मुलाच्या लाटेला फ्रेम करून दिवाणखान्यात देवाच्या फोटोशेजारी लावल्याचं ऐकलं. बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ती लाट न्हाई, लेकरानं आवंढा गिळलाय. मी सरांना सांगितलं होतं."

एक नगरसेवकही आले. वॉर्डात वाटायच्या पत्रकावर छापायला त्यांना आलेख हवा होता. खिशात दोन मोबाइल, बंद करायला तयार नाहीत. तपासणी चालू असताना दोन्ही वाजले, साहेब त्यातल्या एकावर बोलले आणि शेवटी समाधानाची ढेकर दिली. आलेख असा आला की जणू कोंबडी शाईत पाय बुडवून कागदावरून पळाली. बाईंनी शेऱ्यात लिहिलं, 'तपासणी झाली नाही.' सरांनी मला सांगितलं, "टाइप कर, अतितल्लख." मी केलं. पगार मला सर द्यायचे, बाई नाही.

आता माझं पाप सांगते. संगणकात माझ्याकडे दोनच फाइली होत्या. एकीचं नाव 'चांगला', दुसरीचं 'वाईट'. नाव, वय, तारीख बदलायची आणि छापायचं. सर इतके घाईत असायचे की फॉर्म वाचूनच मला खूण करायचे, वर किंवा खाली. पुष्कळदा पेशंटचं डोकं बाल्कनीत ओलं होत असायचं आणि त्याच्या मेंदूचा निकाल माझ्या प्रिंटरमधून बाहेर पडत असायचा. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आपण सगळेच अशा ऑफिसांत काम केलेली माणसं आहोत, तुम्ही समजून घ्याल.

चौक नावाच्या कोळीगावातल्या एका मावशींचा 'वाईट' मी असाच काढला. मावशी आमच्याकडे आल्या आणि अर्ध्या तासात सरांनी सहीसुद्धा केली. तेव्हा त्यांच्या डोक्याला एकही वायर लागलेली नव्हती.

मावशी कोळीण. चाळीसेक वर्षं बाजारात मासळी विकलेली. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. खुर्चीत बसवून मुलानं आणि सुनेनं जिना चढवून वर आणलं. डोळे उघडे, नजर कुठंतरी भलतीकडे. सुनेनं केसांना तेल लावून, छान अंबाडा घालून वर अबोलीचा गजरा माळला होता.

मुलगा वाईट नव्हता हो. तो होडीवर जाणारा माणूस, पाच-पाच दिवस समुद्रात. सून आता सासूच्या जागेवर बाजारात बसायची. घरी मावशींजवळ बसायला कुणी नाही. वसईच्या पुढं कुठंसा एक आश्रम त्यांना कळला होता. ज्यांना काहीच कळत नाही अशा म्हाताऱ्यांची तिथं वेगळी खोली होती, पण त्यासाठी डॉक्टरचा तसा कागद लागत होता. तो न्यायला ते आले होते.

"आईला काय पन कलत न्हाय, मॅडम," मुलगा माझ्या काउंटरवर हात टेकून म्हणाला. मावशी हातभर अंतरावर. "घरान काय नि तिकरं काय, तिला सगला सारकाच. आमी तिच्याम्होरं बोलतो सगला. तिला काय कलत न्हाय."

मी म्हटलं, "हो, हो," आणि प्रिंटरला कागद लावला.

बाईंनी मावशींची टाळू बघितली. "तेल आहे," म्हणाल्या. पण पुडी कुणाच्या हातात दिली नाही. स्वतः खुर्ची बाल्कनीत नेली, गजरा काढून सुनेकडे दिला आणि मावशींचं डोकं आपल्या हातानं धुतलं. "मावशी, पाणी कोमट आहे का? डोळे मिटा, फेस जाईल." सून कौतुकानं बघत राहिली. मुलगा घड्याळ बघत राहिला.

मग टूं टूं टीं. रेषा सरळच्या सरळ. एकदा केलं, दोनदा केलं, मावशींच्या मेंदूनं काही मान वर केली नाही. सर डोकावले, म्हणाले, "क्लिअर आहे. रिपोर्ट देऊन टाका."

"मावशींनी मोजलंच न्हाई, सर," बाई म्हणाल्या.

"मग तेच तर!"

"कशाला मोजतील? मशीनच्या टीं टींशी त्यांचं काय देणंघेणं? जलमभर बाजारात बसलेली बाई आहे. कलकलाट ऐकून न ऐकल्यासारखं करायची सवय असंल."

सर हसले आणि केबिनमध्ये गेले. तिथं एका मंदारची आई वाट बघत होती. सही झालेला कागद मी मुलाच्या हातात दिला. बाई बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "जाऊ नका. अर्धा तास द्या मला." मग माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू आत ये. तुझा आवाज पाहिजे."

मशीनमध्ये आपला आवाज भरायची सोय होती. ती कुणी कधी वापरली नव्हती. बाईंचं म्हणणं, मावशींनी ऐकलाच पाहिजे असा आवाज हवा. गिऱ्हाइकाचा. टूंच्या जागी "दार लावा, दार लावा" असलं काहीतरी, आणि मधूनच गिऱ्हाईक भाव विचारणार. एकदा विचारून भागत नाही, मशीनला पुष्कळदा लागतं, तेव्हा कुठं लाट दिसते.

आता बघा, बाई परभणीकडच्या. त्यांनी समुद्र बघितला तोच चाळिशीत, आणि मासळीच्या वाटेला कधी गेल्या नाहीत. मी घरची शाकाहारी. मासळी बाजारावरून जाताना नाकाला ओढणी लावणारी. आम्ही दोघींनी डोकं लढवून नावं आठवली आणि मी शाळेत कविता म्हणतात तसं माइकसमोर म्हटलं, "बोंबील काय किलो? मांदेली काय किलो? करंदी काय किलो?"

हेडफोन मावशींच्या कानाला लागले. मी आणि सून मागं उभ्या. आवाज बाहेरच्या छोट्या स्पीकरवरही ऐकू येत होता. दार लावा. दार लावा. बोंबील काय किलो? असं बराच वेळ चाललं. मग बाई पडद्याकडे वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या.

"लाट आली," म्हणाल्या. "पण उलटी आली."

"म्हणजे?"

"मान वर केली की लाट ह्या अंगाला जाती. ही त्या अंगाला गेली, नि जरा उशिरानं. अशी लाट, बोलताना कुणी भलताच शब्द घातला की येती. 'मी चहात मीठ घालून प्यालो' म्हणलं की येती." बाई माझ्याकडे बघायला लागल्या. "पोरी, आपलं काय चुकलं?"

तेवढ्यात सून फस्सकन हसली. मघापासून पदर तोंडात कोंबून उभी होती बिचारी, दोन शिकलेल्या बायकांना कसं सांगायचं म्हणून.

"बोंबील किलोवर कोन इकतं गो बाय? ढीग मांडून वाटा असतंय! मांदेलीचा पन वाटा, करंदीचा पन वाटा. किलो इचारला तं आमची सासू गिऱ्हाइकाला उभा न्हाय करायची!"

म्हणजे मावशी आतून आम्हाला वेड्यात काढत होत्या. मी म्हणतेय किलो, किलो, किलो, आणि ही बाई गप्प बसून दर वेळी मनात म्हणतेय, काय मूर्ख पोरगी आहे!

बाई उगाच आनंदून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी सुनेला माइकपुढं बसवलं. एकाच आवाजात, एकाच लयीत दोन तऱ्हेनं म्हणून घेतलं: कधी "बोंबील कसा वाटा?", कधी "बोंबील काय किलो?". सगळ्या मासळीचं तसंच, वर-खाली मिसळून. मग पुन्हा हेडफोन. वाटा म्हटलं की रेषा आपली शांत. किलो म्हटलं की लाट उलटी. वाटा, शांत. किलो, उलटी. बाईंनी मशीनकडून दोन्हींच्या वेगवेगळ्या रेषा काढून घेतल्या आणि एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडात धरल्या. आंधळ्यालाही फरक दिसला असता.

सरांना बोलावलं. त्यांनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. एक क्षण त्यांच्यातला डॉक्टर जागा झाला असं मला वाटलं. मग म्हणाले, "बाई, बोंबलाचं नॉर्मल कुठल्या पुस्तकात आहे? टीं-टूंचं आहे. मी सही टीं-टूंवर केली आहे."

"सही तपासणीच्या आधी केली आहे, सर," बाई म्हणाल्या.

सर लाल झाले. "मासळीबाजार करून ठेवलाय," एवढं म्हणून ते निघून गेले.

बाई त्यानंतर आमच्याकडे महिनाभरच राहिल्या, हे इथंच सांगून टाकते. सरांनी त्यांना काढलं नाही, फक्त रोज इतकं घालून-पाडून बोलले की त्या एके दिवशी पिशवी उचलून गेल्या. खणातली शांपूची माळ तशीच राहिली. परभणीला भावाकडे गेल्याचं कळलं, नंतर काहीच कळलं नाही. मी पत्र लिहीन लिहीन म्हणत राहिले आणि लिहिलं नाही, याची मला आजही लाज वाटते. नव्या टेक्निशियनचं काम फार झटपट होतं. त्याच्या खोलीतून मशीनशिवाय कुणाचा आवाज यायचा नाही. मी मात्र 'चांगला' आणि 'वाईट' या दोन फाइली पुसून टाकल्या. सरांनी विचारलं तेव्हा व्हायरस आला म्हणून सांगितलं. त्या काळी व्हायरसवर काहीही खपायचं.

पण मला त्या दिवशीचंच सांगायचंय. सर गेल्यावर बाईंनी मुलाला आत बोलावलं. मला वाटलं, आता त्याला समजावतील. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली, मावशींसमोर स्टूल ओढून बसल्या आणि ते दोन कागद मावशींना दाखवले.

"मावशी, हे बघा. ही रेघ वाट्याची, ही किलोची. तुम्हाला कळतंय. मला दिसलंय. बोलता येत न्हाई तुम्हाला, पण कळतंय सगळं. आता मी हे ह्यांना सांगते, चालंल न्हवं?"

मावशींच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. उजव्यातूनही आलं असेल, मी बघू शकले नाही.

मुलगा दारात उभा होता, हातात सही झालेला कागद. त्याला आनंद व्हायला हवा होता. मीसुद्धा तसाच चेहरा करून त्याच्याकडे बघत होते. पण त्याचा रंग उतरत गेला.

"मंग आमी... आठ म्हैने तिच्याम्होरं बोल्लो," तो म्हणाला. "आश्रमाचा. आनि कदी सुटंल म्हनून. ता सगला तिनं आयकला?"

सून भिंतीला टेकली. मावशींच्या मांडीवर वायरींचा गुंता पडला होता, तो सोडवायचंही कुणाला सुचलं नाही.

मग तो आईपुढं उकिडवा बसला. "आये," म्हणाला, "तूच सांग. वसईला जातंस का घरा येतंस?" आणि थांबला. आठ महिन्यांत तिला विचारलेला हा पहिला प्रश्न असावा, कारण उत्तरासाठी थांबायचं कसं हे त्याला उमजत नव्हतं. तो पुन्हा बोलायला गेला तेव्हा बाईंनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही सगळे थांबलो. खाली फरसाणवाला कुणाला तरी शेव तोलून देत होता, त्याच्या काट्याचा आवाज येत होता.

मावशींचा डावा हात हलला. सावकाश, मुलाच्या हातातल्या कागदापर्यंत आला. तो कागद त्यांनी ओढून घेतला, मांडीखाली सारला आणि त्यावर नीट दाबून बसल्या. मग सुनेकडे बघितलं आणि गजऱ्यासाठी हात पुढं केला.